आवाज बंद ठेवून पाहिलेलं पतधोरण

माने यांचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. माने म्हणजे सांगलीच्या आमच्या सहकारी बँकेचे मॅनेजर, मूळचे कोयनानगरचे. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही, एकदम म्हणाले, “बाई, आज चतुर्दशी हाय का?” मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दशमी होती. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, “आक्का फोन उचलेनात.” चतुर्दशी असती तर काळजीचं कारण नव्हतं. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत आक्कांचं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाईंचं, मौन असे आणि त्या फोनला हात लावत नसत. पण दशमीला न उचललेला फोन... मी झारी खाली ठेवली. माने बँकेतून आक्कांच्या घरापर्यंत चालत गेले, शेजारणीकडची किल्ली घेतली, दार उघडलं, तोवर मी फोन कानाला लावून उभी होते. त्यांच्या पावलांचा आवाज मला ऐकू येत होता. तो थांबला तेव्हाच मला समजलं. आक्का खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, मांडीवर पेपर, चष्मा डोळ्यांवर तसाच.

याला आता सव्वा महिना झाला. मिहिर, सानिका, तुम्ही दोघा नातवंडांनी त्या आठवड्यात फोनवर मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलीत. आक्काआजी नक्की करत काय होत्या? तुमच्या आठवणीत त्या म्हणजे व्हिडिओ कॉलवर कानाला स्कार्फ बांधून बसलेल्या, सूर्य मावळायच्या आत जेवायला उठणाऱ्या, तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. या पुरवणीसाठी त्यांच्याविषयी लिहा असं मला सुचवलं गेलं, तेव्हा ठरवलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच, क्रमाने लिहावं. बाकीच्या वाचकांनी वाचलं तर माझी हरकत नाही.

आक्का कॉमर्स शिकल्या आणि बँकेत लागल्या. लग्न केलं नाही. निवृत्त होईपर्यंत बँकेची गुंतवणूक त्या सांभाळत, आणि निवृत्तीनंतर संचालक म्हणून गुंतवणुकीच्या समितीवर होत्या. लोकांनी ठेवलेल्या पैशांतला काही भाग प्रत्येक बँकेला सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो. रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचा कागद. त्यावरचं व्याज ठरलेलं असतं, ते मुदत संपेपर्यंत बदलत नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा इंग्रजी साहित्य शिकवत होते आणि मला वाटे, यात करायचं काय असतं? कागद घ्यायचा आणि कपाटात ठेवायचा. आक्कांनी मला ते सांगलीच्या पद्धतीने समजावलं. पावसाळ्यात सांगलीचं माणूस सकाळी उठल्यावर आधी विचारतं, कोयनेतून किती सोडलं? पाऊस इथे पडलेला नसतो, दार इथे उघडलेलं नसतं, पण पाणी इथे चढतं. “मुंबईची मध्यवर्ती बँक म्हणजे आपलं कोयनेचं धरण,” त्या म्हणाल्या. “तिने व्याजदर वाढवला की बाजारात जास्त व्याजाचे नवे कागद येतात. मग आपला जुना कमी व्याजाचा कागद कोण घेईल? स्वस्तात दिला तरच. दर उतरवला की उलटं. आणि दिल्लीचं राजकारण म्हणजे वरचा पाऊस. सरकार किती कर्ज काढणार, कुणाला काय वाटणार, यावर धरणवाल्यांना दार ठरवावं लागतं.” मी विचारलं, मग आपण काय करायचं? त्या म्हणाल्या, “आपण घर कुठं बांधायचं तेवढं ठरवायचं. मुदत जितकी लांब तितका रोख्याचा भाव जास्त हलतो. तीस वर्षांचा रोखा म्हणजे नदीकाठचं घर. दोन वर्षांचा म्हणजे माळावरचं. नदीकाठी हवा छान असते, शालन.”

त्या गमतीने बोलत, पण ही गंमत नव्हती. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातली एक बँक अडकली. तिने लांब मुदतीचे रोखे भरून घेतले होते, दर चढले, रोख्यांचे भाव पडले, आणि नेमकी तेव्हाच बातमी फुटून ठेवीदार पैसे मागायला आले. पैसे देण्यासाठी रोखे पडत्या भावाने विकावे लागले, मग आणखी तोटा, मग पैसे काढण्यावर निर्बंध. आक्का ते बघायला मुद्दाम गेल्या होत्या. शटर अर्धं खाली होतं. माण तालुक्याकडचा एक धनगर म्हातारा पायरीवर घोंगडी अंथरून बसला होता. कुणी त्याला उठवायला गेलं तर तो शांतपणे म्हणायचा, “मी हितंच हाय. मला काय घाई न्हाई.” संध्याकाळी आक्का परतल्या तेव्हाही तो तिथेच होता. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी आपल्या बँकेत ठराव करून घेतला की चेअरमन, मॅनेजर आणि त्या, अशा तिघांनी तोंडाने होकार दिल्याशिवाय लांब मुदतीचा एकही रोखा घ्यायचा नाही. बाजार धावत असतो, म्हणून फोनवर विचारलं तरी चालेल, पण तिघांचा होकार हवा.

चतुर्दशीच्या मौनाचं मात्र कुठल्याच ठरावात नव्हतं. ते घरात मोलकरणीला ठाऊक होतं तसं बँकेत शिपायापासून चेअरमनपर्यंत सर्वांना ठाऊक होतं. चतुर्दशीच्या सकाळी आक्कांना काही विचारायचं नाही. तेव्हा त्या मौनातही फोन उचलत. पलीकडचा माणूस निरोप सांगे, त्या ऐकून ठेवून देत, आणि बारानंतर उलट फोन करत. इतकी वर्षं हे बिनबोभाट चालल्यामुळे हे बदलू शकतं असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्यासारख्या सावध बाईची चूक झाली ती इथे.

ज्या आठवड्याबद्दल मला सांगायचं आहे, त्या आठवड्यात लोकसभेचा निकाल आणि पतधोरण एकापाठोपाठ आलं. पतधोरण म्हणजे मध्यवर्ती बँकेची व्याजदराची घोषणा. ती सकाळी दहा वाजता होते. मी साताऱ्याहून चार कपडे घेऊन सांगलीला गेले होते, कारण घोषणेनंतर येणारं लांबलचक इंग्रजी निवेदन आक्का माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, पण त्या म्हणत, तू वाचलंस की मला थांबून विचार करता येतो. निकालाच्या आधी सगळीकडे एकच बोलणं होतं, भक्कम सरकार येणार, दर उतरणार. रोख्यांचे भाव चढत होते. निकाल लागला तो अर्धामुर्धा. कुणाचं सरकार ते ठरेना. भाव दुपारपर्यंत असे कोसळले की आक्कांनी टीव्हीसमोरून उठून गॅस बंद आहे का ते तीनदा जाऊन पाहिलं. पुढचे दोन दिवस कुणी कुणाला पाठिंबा दिला, कुणी रुसलं, कुणाचं विमान दिल्लीला निघालं, या प्रत्येक बातमीबरोबर टीव्हीवरचा भावाचा आकडा खालीवर होत होता. मी आयुष्यभर परीक्षेचे निकाल लावले, पण असा आठवडा मी पाहिला नव्हता. गुरुवारी संध्याकाळी सरकार ठरलं. शुक्रवारी पतधोरण होतं. आणि शुक्रवारी चतुर्दशी होती.

आमच्या बँकेचे चेअरमन जयवंतराव कडेगावचे. ऊस, कारखाना, राजकारण, सगळ्यांत पाय असलेला माणूस, पण बँकेचा पैसा खाल्ला असं त्यांच्याबद्दल कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांची अडचण निराळी होती. दोन महिन्यांवर बँकेच्या संचालकांची निवडणूक होती आणि विरोधी पॅनेल त्यांना म्हणत होतं, तुमच्या काळात बँक झोपली. त्यांना नफा दाखवायचा होता, तोही लवकर. गुरुवारी संध्याकाळीच ते आक्कांकडे येऊन बसले. “आक्का, लय इचार करू नगा. सरकार ठरलंय, उद्या दर उतरतोय. समद्या बँका घ्यायला लागल्यात. आपुन दहाच्या आत तीस वर्षांचं रोखं घिऊ, दोन म्हैन्यात इकू. सरकारी कागद हाय, सरकार काय बुडतंय व्हय?” आक्का म्हणाल्या, सरकार बुडत नाही, भाव बुडतो, आणि ठेवीदार मुदत संपायची वाट बघत नाहीत. जयवंतराव हसले. “तुमी म्हंजे छत्री घिऊन उन्हात बसणार.” “बसते,” आक्का म्हणाल्या. मग चहा झाला, ते उठले, आणि मला वाटलं विषय संपला. आक्कांनाही तसंच वाटलं. स्पष्ट नकार त्यांनी लिहून दिला नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कुणी विचारणारच नव्हतं, आणि न विचारता सौदा होणार नव्हता.

शुक्रवारी नऊ वाजून गेल्यावर फोन वाजला. आक्कांनी उचलला, नेहमीप्रमाणे फक्त ऐकू लागल्या, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी फोनचं स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडे माने होते. ते बँकेत नवे, रुजू होऊन महिना झाला नव्हता. बिचारे कागदावरचं वाचून दाखवल्यासारखं म्हणत होते, “आक्का, चेअरमन साहेबांचा होकार आहे, माझा आहे. तुमची हरकत असेल तर आत्ता सांगा. काही बोलला नाहीत तर होकार धरून पुढे जातो.” आक्कांनी पेपरच्या कडेला पेन्सिलीने ‘नको’ लिहिलं आणि पेपर माझ्याकडे सरकवला. मी घाईघाईने सांगितलं की आक्का मौनात आहेत, पण त्यांनी नको म्हणून लिहून दाखवलं आहे. मान्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते गोंधळून “मौनात म्हणजे?” असं विचारत असतानाच त्यांच्या बाजूने जयवंतरावांचा आवाज आला. “बाई, तुमी कमिटीवर न्हाई. तोंडानं सांगायचा ठराव आक्कांनीच केलाय. त्यांची हरकत आसंल तर त्यांनी बोलावं. घड्याळ पळतंय.” ठराव होकार तोंडाने मागत होता, त्यांनी तो उलटवून गप्प राहण्यालाच होकार ठरवलं होतं; बारानंतर आक्कांनी ते दाखवून दिलं असतं, पण तोवर रोखे घेतले गेले असते.

त्यानंतरचे काही क्षण मी विसरू शकत नाही. आक्का बावीस वर्षांच्या असताना त्यांनी ते व्रत घेतलं होतं. आईच्या अंत्यविधीला चतुर्दशी होती, तेव्हाही त्या बारापर्यंत बोलल्या नव्हत्या, हे तुमच्या आजोबांनी मला सांगितलेलं. त्यांनी ‘नको’खाली पेन्सिलीने आणखी एक रेघ ओढली. टीव्हीवर निवेदक बोलत होता, खाली तांबडी पट्टी धावत होती. पलीकडून कुणीतरी घसा साफ केला. माने म्हणाले, “मग आक्का, पुढं जाऊ?” आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. सांगू नकोस कुणाला, असं ते पाहणं नव्हतं, किंवा काय करू, असंही नव्हतं. सांगायचंच झालं तर, पुरात घर सोडताना माणूस एकदा देवघराकडे पाहतं, तसं होतं. मग त्या फोनवर वाकल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या.

एकच शब्द. घोगरा, सकाळपासून न वापरलेल्या आवाजातला. फोन ठेवून त्या आत गेल्या आणि बारापर्यंत बाहेर आल्या नाहीत. दहा वाजता मी एकटीने पाहिलं. दर होता तसाच ठेवला होता, ना वर ना खाली. दुपारी आक्का बाहेर आल्या, निवेदन वाचून घेतलं, आणि त्याबद्दल बोलल्या. सकाळबद्दल बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मीठ सोडलं, ते चातुर्मास संपेपर्यंत.

आता तुम्हाला वाटेल की पुढे भाव पडले आणि आक्का बरोबर ठरल्या. तसं झालं नाही. भाव पुढचे दोन महिने हळूहळू चढतच गेले. जयवंतरावांनी प्रचारात गावोगावी सांगितलं की आक्कांच्या एका शब्दाने बँकेचा नफा गेला. लोकांना ते पटलं, कारण ते खरंच होतं. जयवंतराव निवडून आले, आक्का पडल्या. निकालाच्या दिवशी पाटील गल्लीतली एक ओळखीची बाई त्यांना भाजी बाजारात म्हणाली, “आक्का, देवाचं मौन मोडून मिळालं काय वो?” आक्कांनी कोथिंबिरीची जुडी निवडून घेतली, पैसे दिले आणि म्हणाल्या, “कोथिंबीर मिळाली.” घरी आल्यावर मी मात्र धीर करून विचारलं, पश्चात्ताप होतो का? त्या जुडीचा दोरा सोडत म्हणाल्या, “व्रत मोडलं याचं दुःख होतं. मोडायला नको होतं असं वाटत नाही. दोन्ही राहतात मनात... एकानं दुसरं जात नाही.”

त्या वर्षी पर्युषण संपल्यावर क्षमावणीच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, कडेगावला जायचं आहे. क्षमावणी तुम्हाला माहीत आहे, वर्षभरात ज्याच्याशी वाईट वागलो त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची. मी चिडले. क्षमा जयवंतरावांनी मागायला हवी होती. पण आक्कांशी वाद घालण्यात अर्थ नसे. आम्ही भाड्याची गाडी करून गेलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, मधेमधे पावसाची सर. जयवंतराव ओसरीवर होते. आक्कांना पाहून ते उठले आणि खुर्ची पुढे केली. पाऊसपाण्याचं बोलले, चहा मागवला. चहा ठेवून जयवंतरावांच्या पत्नी आत गेल्या तशा आक्का म्हणाल्या, “त्या सकाळी तुमचं वाईट व्हावं असं माझ्या मनात आलं. तुम्ही पडावं, तुमचं नाव जावं, असं. त्याची क्षमा मागायला आले.”

जयवंतरावांनी कप खाली ठेवला. आत कुणीतरी मिक्सर लावला होता, तो थांबला. मग ते हळू म्हणाले, “आक्का, मला म्हाईत व्हतं. चतुर्दशी हाय म्हून म्हाईत व्हतं.”

“तुम्हाला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं,” आक्का म्हणाल्या.

बस्स, एवढंच. आक्कांनी चहा संपवला, कारण दिवस मावळायला आला होता आणि नंतर त्यांना पाणीही चाललं नसतं. गाडीपर्यंत जयवंतराव आमच्याबरोबर आले. आक्का बसल्यावर दार त्यांनी स्वतः लावलं, आणि ते नीट लागलं का ते ओढून पाहिलं.

पुढच्या वर्षी दिल्लीने कर्ज वाढवलं, मध्यवर्ती बँकेचा सूर बदलला, आणि भाव चढले होते त्याहून खाली आले. मी आनंदाने सांगायला गेले की बघा, तुम्ही बरोबर होता. आक्का माझ्यावर रागावल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “धरणाचं दार उघडलं नाही म्हणून नदीकाठचं घर शहाणपणाचं होत नाही, आणि उघडलं म्हणून मी शहाणी होत नाही. मला माहीत नव्हतं, शालन. दुसऱ्याच्या पैशाने मला माहीत नसलेलं करायचं नव्हतं. तेवढंच.” त्यांना पुन्हा संचालक केलं गेलं नाही. पण प्रत्येक पतधोरणाच्या आदल्या दिवशी माने त्यांच्याकडे येऊन बसत, आपल्या वडिलांच्या धरणावरच्या नोकरीच्या गोष्टी सांगत, आणि जाताजाता विचारत, उद्याचं काय? आक्का सांगत. जयवंतरावांनी तीस वर्षांचे रोखे पुढे घेतले नाहीत. का ते मी विचारलं नाही.

आणि आक्कांनी मौनाला आणखी एक सकाळ जोडली. चतुर्दशी असो वा नसो, पतधोरणाच्या दिवशी बारापर्यंत बोलायचं नाही, आणि यापुढे मौनात फोनही उचलायचा नाही. टीव्हीचा आवाजही बंद. रिमोटच्या आवाजाच्या बटणावर त्यांनी जखमेला लावतात ती पट्टी चिकटवली होती, सवयीने बोट जाऊ नये म्हणून. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर बोलत, ओठ हलत, खाली आकडे धावत. आक्का त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसत.

गेल्या आठवड्यात मी त्यांची खोली आवरायला सांगलीला गेले. साड्या नेसणाऱ्यांना दिल्या, औषधं टाकली, भांडी पुसली. बुधवारी सकाळी घंटी वाजली. दारात माने होते. “आज पतधोरण हाय, बाई,” ते म्हणाले. चपला काढून ते आत आले आणि नेहमीच्या स्टुलावर बसले. आक्कांची खुर्ची आम्ही दोघांनीही मोकळी ठेवली. मी रिमोट हातात घेतला. पट्टी कडेने सुटत आली होती, मी अंगठ्याने ती परत दाबली. दहा वाजले. गव्हर्नर आले, कागद सरळ केले, बोलू लागले. दर वाढवला होता, कुणालाच अपेक्षा नव्हती. खालची पट्टी तांबडी झाली, आकडे कोसळू लागले. बँकांमध्ये, दलालांकडे, कडेगावातही या घटकेला फोन खणखणत असतील, हे मला कळत होतं. मान्यांचा मोबाइल गुडघ्यावर होता. टेबलावर आक्कांचा फोन होता. दोन्हीही वाजले नाहीत. आम्ही काही न बोलता बसून राहिलो, साडेदहा, अकरा, साडेअकरा... बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

बारा वाजले तसा आक्कांचा फोन वाजला. माने उठले नाहीत. मी उचलला.

“बाई, बारा वाजलं,” जयवंतराव म्हणाले. “आता बोललं तर चालंल न्हवं?”